व्हर्जिनिया वुल्फ : कादंबरी आणि तिचा जमाखर्च



बडोद्यातील एका मराठी शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी इंग्रज लेखिकेचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. मराठीचे अध्यापन करण्यात माझी पस्तीस वर्षे गेली. त्या काळात मराठी कादंबरीच्या इतिहासात व्हर्जिनिया वुल्फ हे नाव मी शेकडो वेळा उच्चारले, आणि बहुधा एकाच शब्दाच्या सोबतीने उच्चारले. तो शब्द म्हणजे 'संज्ञाप्रवाह'. १९२९ ते १९३३ ह्या काळात इंग्लंडमध्ये राहून आलेल्या बा. सी. मर्ढेकरांनी १९४२ साली 'रात्रीचा दिवस' लिहिली, १९५० साली वसंत कानेटकरांची 'घर' आली, आणि मनात उमटणारे विचार उमटतील त्या क्रमाने मांडण्याचे हे तंत्र मराठीत रुजू पाहू लागले. आम्ही समीक्षकांनी ह्या तंत्राची चर्चा पुष्कळ केली. परंतु ज्या बाईंनी हे तंत्र हाताळले, त्यांना ते हाताळण्याची मोकळीक कोठून मिळाली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. गंमत अशी की स्वतः वुल्फबाईंनी त्याचे उत्तर पौंडांच्या आकड्यांसह लिहून ठेवले आहे. आज मला त्या जमाखर्चाविषयी बोलावयाचे आहे.

व्हर्जिनिया स्टीफन यांचा जन्म २५ जानेवारी १८८२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील लेस्ली स्टीफन हे इंग्लंडच्या राष्ट्रीय चरित्रकोशाचे पहिले संपादक. आई ज्यूलिया ह्या कलकत्त्यात जन्मलेल्या. घर विद्वानांचे, भिंती पुस्तकांनी झाकलेल्या. तरीही थोबी आणि एड्रियन हे भाऊ केंब्रिजला गेले आणि मुली घरीच राहिल्या. व्हर्जिनियाबाईंनी शाळेचे तोंड पाहिले नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या स्त्रीविभागात ग्रीक व इतिहासाचे काही वर्ग केले, घरी ग्रीकची शिकवणी घेतली, आणि उरलेले शिक्षण वडिलांच्या ग्रंथसंग्रहात झाले. १९०६ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात मुलांबरोबर मुलींसाठीही प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुंबई विद्यापीठाने १८८३ सालीच स्त्रियांना दार उघडले होते. केंब्रिजने मात्र स्त्रियांना पूर्ण पदवी द्यावयास १९४८ साल उजाडू दिले. पुढारलेला देश कोणता आणि मागासलेला कोणता, ह्याविषयीच्या आपल्या कल्पना अशा वेळी थोड्या तपासून घ्याव्या लागतात.

१८९५ साली, व्हर्जिनियाबाई तेरा वर्षांच्या असताना, आई गेली आणि त्यांना मनोव्याधीचा पहिला झटका आला. १९०४ साली वडील गेले. भावंडे ब्लूम्सबरी भागातील गॉर्डन स्क्वेअरमध्ये राहावयास गेली. भावाचे केंब्रिजचे मित्र तेथे जमू लागले आणि कला, नीती, राजकारण ह्यांवर रात्री उशिरापर्यंत वाद रंगू लागले. त्या मित्रांपैकीच लेनर्ड वुल्फ हे एक. सिलोनच्या मुलकी सेवेत जवळजवळ सात वर्षे काढून ते १९११ साली परतले आणि साम्राज्यसत्तेचे टीकाकार बनले. १९१२ साली दोघांचा विवाह झाला.

आता जमेची बाजू पाहू. १९०९ साली कॅरोलाइन एमिलिया स्टीफन ही अविवाहित आत्या वारली आणि तिने ह्या भाचीच्या नावे अडीच हजार पौंड ठेवले. पुढे १९२८ च्या ऑक्टोबरात केंब्रिजच्या न्यूनम व गर्टन ह्या स्त्रियांच्या महाविद्यालयांत दिलेल्या व्याख्यानांतून 'अ रूम ऑफ वन्स ओन' हे पुस्तक १९२९ साली सिद्ध झाले. त्यातही एक आत्या आहे. मात्र ती कल्पित आहे. मुंबईत हवा खाण्यासाठी घोड्यावरून फिरत असताना ती पडून मरते आणि निवेदिकेला तहहयात वर्षाला पाचशे पौंड मिळू लागतात. स्त्रियांना मताधिकार मिळाल्याची वार्ता आणि वारशाची वार्ता निवेदिकेला एकाच सुमारास कळते. आणि त्या दोहोंत पैसा आपल्याला अधिक मोलाचा वाटला, हे ती आडपडदा न ठेवता सांगते. कादंबरी लिहावयाची तर स्त्रीजवळ स्वतःचा पैसा आणि दाराला कडी असलेली खोली हवी, हे त्या पुस्तकाचे सार. प्रतिभेच्या चर्चेत पैशाचा उल्लेख अशिष्ट मानणाऱ्या वाङ्मयीन जगाला ह्या बाईंनी हिशेबाची वही उघडून दाखवली.

पैसा आणि खोली ह्या दोन रकमा सर्वांच्या तोंडी आहेत. तिसरी रक्कम सहसा कोणी सांगत नाही. ती म्हणजे छापखाना.

वुल्फबाईंच्या पहिल्या दोन कादंबऱ्या, 'द व्हॉयेज आउट' (१९१५) आणि 'नाइट अँड डे' (१९१९), त्यांचा सावत्र भाऊ जेराल्ड डकवर्थ ह्याच्या प्रकाशनसंस्थेने काढल्या. ह्याच भावाने लहानपणी आपल्याशी केलेल्या दुर्वर्तनाची आठवण त्यांनी अखेरच्या काळातील आत्मपर लेखनात नोंदवली आहे. आपले हस्तलिखित अशा माणसाच्या पसंतीसाठी पाठवणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. दोन्ही कादंबऱ्यांचा घाट बराचसा पारंपरिक आहे.

दरम्यान, १९१७ च्या मार्च महिन्यात ह्या दांपत्याने एकोणीस पौंडांच्या आसपास किंमत देऊन एक लहान हातयंत्र खरेदी केले आणि रिचमंड येथील हॉगर्थ हाउस ह्या राहत्या घरातच ते बसवले. लेनर्ड यांच्या हाताला कंप होता, म्हणून खिळे जुळवण्याचे काम बाईंकडे आले आणि यंत्र चालवण्याचे त्यांच्याकडे. त्याच वर्षी जुलैत दोघांची एकेक कथा असलेली पुस्तिका निघाली, प्रती दीडशे. छंद आणि मनाला विसावा म्हणून आरंभलेल्या ह्या उद्योगाची 'हॉगर्थ प्रेस' ही नामांकित संस्था झाली. टी. एस. एलियट यांच्या 'द वेस्ट लँड'च्या इंग्लंडमधील १९२३ च्या आवृत्तीचे खिळे वुल्फबाईंनी स्वतःच्या हातांनी जुळवले. १९२४ पासून फ्रॉइड यांच्या ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे ह्याच संस्थेतून येऊ लागली, आणि १९४० साली अहमद अली यांची 'ट्वायलाइट इन दिल्ली' ही कादंबरीही तेथूनच प्रसिद्ध झाली.

आता तारखांचा मेळ पाहा. १९२२ साली 'जेकब्ज रूम' ही कादंबरी प्रथमच त्यांच्या स्वतःच्या छापखान्याच्या नावाने निघाली, आणि नेमकी तेथूनच त्यांची कादंबरी बदलली. युद्धात मरणाऱ्या तरुणाची ही कथा तो तरुण स्वतः जवळजवळ सांगतच नाही; इतरांच्या नजरेतून आणि त्याच्या रिकाम्या खोलीतून तो आपल्याला कळतो. १९२५ च्या 'मिसेस डॅलोवे'त प्रकरणेच नाहीत. लंडनमधला जूनमधला एक दिवस, संध्याकाळी मेजवानी देणारी एक प्रौढ गृहिणी, आणि युद्धाने मन मोडलेला सेप्टिमस नावाचा शिपाई. ही दोघे एकदाही भेटत नाहीत. पण त्याच्या मृत्यूची वार्ता तिच्या मेजवानीत येते तेव्हा ती त्याला आतून ओळखते. १९२७ च्या 'टु द लाइटहाउस'मध्ये मधल्या भागात दहा वर्षे लोटतात. घर पडके होते, आणि जिच्याभोवती पहिला भाग फिरला त्या मिसेस रॅम्झे यांचा मृत्यू केवळ कंसातल्या एका वाक्यात उरकला जातो. वाचक दचकतो. मृत्यू घरात असाच येतो, इतर गोष्टी चालू असताना, हे त्या कंसाने सांगितले. १९३१ च्या 'द वेव्ह्ज'मध्ये तर सहा व्यक्तींची स्वगते तेवढी आहेत.

अशी पुस्तके कोणत्या प्रकाशकाने निमूटपणे छापली असती? कोणी म्हणाला असता, प्रकरणे पाडा. कोणी म्हणाला असता, नायिकेला कंसात मारू नका. आपण इंग्लंडमध्ये मनाला येईल ते लिहिण्यास मोकळी असलेली एकमेव स्त्री आहोत, अशा आशयाची नोंद वुल्फबाईंनी १९२५ साली दैनंदिनीत केली, ती ह्या छापखान्याच्या बळावर. संज्ञाप्रवाहाचे तंत्र प्रतिभेतून आले, ह्यात संशय नाही. पण ते कागदावर उतरून वाचकापर्यंत पोहोचले, ते मध्ये परवानगी मागण्याजोगा कोणी उरला नव्हता म्हणून.

हिशेब लिहावयाचा तर खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. स्वयंपाक व घरकाम नोकर स्त्रिया करीत असत; त्या स्त्रियांना स्वतःची खोली आणि पाचशे पौंड नव्हते. कल्पित आत्या मुंबईत घोड्यावर बसू शकली, ती साम्राज्यामुळे. 'मिसेस डॅलोवे'मधला पीटर वॉल्श हिंदुस्थानातून परततो, 'द वेव्ह्ज'मधला पर्सिव्हल हिंदुस्थानात घोड्यावरून पडून मरतो. आपला देश त्यांच्या कादंबऱ्यांत येतो, तो बहुधा पैसा अथवा मृत्यू जेथून येतो ते दूरचे ठिकाण म्हणून. ह्यासाठी मी त्यांना दोष देऊन मोकळी होणार नाही. १९३८ च्या 'थ्री गिनीज'मध्ये त्यांनी घरातली पुरुषसत्ता आणि युद्धखोर हुकूमशाही ह्यांचे नाते दाखवून आपल्याच वर्गाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. पण आपण मराठी वाचकांनी मुंबईचा तो घोडा नजरेआड करू नये.

ह्याच काळात मराठीत काय घडत होते? १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला आणि मोठी खळबळ उडाली. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, अविवाहित मुलींचे मन त्यात उघडपणे बोलत होते. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. ह्या नावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढे मालतीबाई बेडेकर, आहेत हे तेव्हा वाचकांना ठाऊक नव्हते; लिहिणारा पुरुष असावा अशीही कुजबुज होती. महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकलेली, मुलींना शिकवणारी ही बुद्धिमती. तिला आपले नाव झाकावे लागले. स्वतःच्या पुस्तकावर स्वतःचे नाव घालणे हाही एक प्रकारचा वारसा आहे, आणि तो सर्वांना मिळत नाही. १९२८ साली बेळगाव जिल्ह्यातील यमकनमर्डीस जन्मलेल्या कमल देसाई यांचे 'काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई' १९७५ साली आले. कादंबरीचा घाट बेधडक मोडणारी स्त्री मराठीत स्वतःच्या नावानिशी उभी राहिली, ती अध्यापनाच्या नोकरीवर स्वतःचा चरितार्थ चालवणारी होती, हा मला योगायोग वाटत नाही.

वुल्फबाईंचा अंत आपणांस ठाऊक असेल. दुसरे महायुद्ध चालू होते; लंडनमधले घर बॉम्बहल्ल्यांत निकामी झाले होते आणि जुना आजार पुन्हा डोके वर काढीत होता. २८ मार्च १९४१ रोजी त्यांनी घराजवळच्या औझ नदीत देह ठेवला. 'बिटवीन द अ‍ॅक्ट्स' ही अखेरची कादंबरी मरणोत्तर प्रसिद्ध झाली. त्यांच्याविषयी बोलणारे पुष्कळजण ह्या नदीपाशीच थबकतात. मला वाटते, एकोणसाठ वर्षांच्या आयुष्यात, वारंवार उलटणाऱ्या व्याधीशी झगडत, ह्या स्त्रीने नऊ कादंबऱ्या, निबंधांचे अनेक संग्रह आणि एक प्रकाशनसंस्था उभी केली. विचार ह्या उभारणीचा केला पाहिजे.

माझ्या वर्गात उत्तम निबंध लिहिणाऱ्या कितीतरी मुली होऊन गेल्या. पुढे त्या लग्नकार्यात भेटत आणि मी लेखनाविषयी विचारले की हसून म्हणत, "आता कुठलं हो लिहिणं, बाई!" त्यांची प्रतिभा आटली होती असे मला कधी वाटले नाही. त्यांना टेबल नव्हते, दोन तासांची निवांत वेळ नव्हती आणि ज्याचा हिशेब द्यावा लागत नाही असा पैसा नव्हता.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेसाठी काय करावे, असे मला व्याख्यानापूर्वी विचारण्यात आले. पदके आणि ढाली पुरेशा झाल्या आहेत. शाळेची एक खोली संध्याकाळी उघडी ठेवा. तीत टेबले, दिवे, पंखा आणि काही कोश असावेत. शाळा सोडून कितीही वर्षे झालेल्या माजी विद्यार्थिनीला तेथे येऊन बसता यावे आणि काय लिहिते आहेस, असे तिला कोणी विचारू नये. ह्या खोलीचा खर्च फार येणार नाही. आलाच तर त्या वहीत माझ्या नावाची पहिली रक्कम लिहून घ्यावी, अशी विश्वस्तांना विनंती करते.