काटा खाली आला तेव्हा

मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो तो मराठी घेऊन. यंत्राशी माझा संबंध गाडीत बसण्यापुरता. तरीही एका काट्यानं मला इंजिनाचा इतिहास वाचायला लावला.

१९८५चा मे महिना होता. मामूंनी कर्ज काढून घेतलेली जुनी डिझेल टॅक्सी खोपोलीहून बोरघाट चढत होती. अर्ध्या घाटात तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. मी म्हणालो, "मामू, थांबू या ना." ते म्हणाले, "खंडाळा आलंच की, बेटा." आणि खरोखरच काटा खाली आला. मामू हसले. दोन वळणांनंतर इंजिन बंद पडलं.

रबरी पाइप फुटून रेडिएटरचं पाणी वाहून गेलं होतं. काट्याला खबर देणारा भाग पाण्यात बुडालेला असतो. पाणीच संपल्यावर तो सांगणार तरी काय? म्हणून काटा उतरला. इंजिन मात्र तापतच होतं.

गंमत पाहा, खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनाही सुरुवातीला पाण्याची गरज वाटली नव्हती. १८९३ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गला चाचणी झालेल्या त्यांच्या पहिल्या इंजिनाला गार करणारं पाण्याचं आवरणच नव्हतं. उष्णतेचं जास्तीत जास्त काम करून घ्यायचं, ती वाया का घालवायची, हा त्यांचा विचार. अनुभवानं तो बदलायला लावला. १८९७ सालचं यशस्वी इंजिन पाण्यानं गार होत होतं. ते इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णता कामी लावत असे. त्या काळी हा मोठा पराक्रम होता. तरी उरलेली उष्णता बाहेर टाकावीच लागे.

१९०१च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. पुढच्या दशकात अमेरिकेत रेडिएटरच्या झाकणावर बसणारा बॉइस मोटोमीटर आला. चालक काचेतून तो पाहत. पुढे तापमापक चालकासमोरच्या फळीवर आला. १९३६ साली मर्सिडीजची २६० डी ही डिझेल मोटार बाजारात आली.

इतक्या लोकांनी डोकं खपवून तो इशारा आपल्या डोळ्यांपुढे आणून ठेवला आहे. तो दिसला की एसी बंद करा, गाडी सुरक्षित जागी कडेला घ्या, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण मुळीच उघडू नका. आत दाबाखाली शंभर अंशांवरचं पाणी असतं, ते उसळून अंगावर येतं. इंजिन पूर्ण निवल्यावरच पाणी पाहा. आणि लाल पट्टीवरचा काटा एकाएकी उतरला, तर हायसं वाटून घेऊ नका. थांबाच.

मामूंच्या इंजिनाचं हेड वाकलं. दुरुस्तीला पैसे नव्हते. टॅक्सी विकली, कर्ज उरलं. पुढे ते दुसऱ्याची गाडी चालवू लागले. काटा चढला की ते भर घाटात थांबत. प्रवासी कुरकुरले, तर म्हणत, "ती बोलतेय तोवर ऐकून घेऊ, साहेब."