लिलावातील नाणे आणि इतिहासाची साक्ष

प्राचीन नाण्यांचा व्यापार ही नवी गोष्ट नव्हे. सराफ, जुन्या वस्तूंचे दुकानदार आणि हौशी संग्राहक यांच्या हातून नाणी फिरत आली आहेत, आणि आपल्याकडील अनेक मान्यवर संग्रहांचा आरंभ अशाच खरेदीतून झालेला आहे. परंतु गेल्या सुमारे तीस वर्षांत या व्यापाराचे स्वरूप मुळापासून पालटले. पूर्वी ग्राहक दुकानात जाई, नाणे तळहातावर घेई, त्याचा नाद ऐके, कड न्याहाळी आणि मग भाव करी. आज तो घरबसल्या एक छायाचित्र पाहतो आणि आंतरजालावरील लिलावात बोली लावतो. या पद्धतीत संग्राहकाच्या पैशाला असलेला धोका उघड आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला तीत याहून मोठा धोका आहे, आणि त्याची चर्चा त्या मानाने थोडी होते. तो धोका कोणता, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. नाणे साक्ष कशी देते

नाण्याला आपण इतिहासाचे अस्सल साधन म्हणतो, तेव्हा केवळ त्या धातूच्या चकतीविषयी बोलत नसतो. ती कोठे सापडली, कशाबरोबर सापडली आणि किती संख्येने सापडली, या तीन गोष्टी तिच्या साक्षीचाच भाग असतात. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड संचय सापडला. त्यातील सुमारे १३,२५० नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची होती, आणि त्यांपैकी ९,२७० च्या आसपास नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठविलेला होता. राजाचे मुख आणि ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी या तीन लिपींतील लेख यांवर सातवाहनांचे तीन कमानींच्या टेकडीचे व उज्जयिनीचे चिन्ह ठोकलेले होते. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या पुत्राचे वर्णन क्षहरात कुळाचा उच्छेद करणारा असे येते. प्रशस्तीत अतिशयोक्ती असते हे गृहीत धरले, तरी या संचयाने त्या विधानाला भौतिक आधार दिला. जित राजाचे चलन जेत्याने आपल्या नावाने पुन्हा चालविले, आणि तेही तुरळक नव्हे, तर या संचयात दर दहांपैकी सुमारे सात नाण्यांवर.

हे ‘दहांपैकी सात’ कोणत्याही एका नाण्यावर लिहिलेले नाही. ते संचयावर लिहिलेले आहे. १९०८ साली रेव्हरंड स्कॉट यांनी मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या संचयाचे वर्णन प्रसिद्ध केले. नहपानाच्या नाण्यांवरील मुखे परस्परांहून किती भिन्न आहेत, हा प्रश्न त्यांना मांडता आला, तोही नाणी हजारोंच्या संख्येने एकत्र पाहावयास मिळाली म्हणूनच.

दुसरे उदाहरण सोपाऱ्याचे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकलला. त्यात यज्ञश्री सातकर्णीचे एक लहानसे चांदीचे नाणे मिळाले. सराफाच्या पेटीत त्याचे मोल थोडक्या रुपयांचे ठरले असते, पण स्तूपाच्या गर्भात सापडल्यामुळे तेथील निक्षेपाच्या कालनिर्णयात त्याला स्थान मिळाले.

आता कल्पना करावी की, जोगलटेंभीचा संचय आज सापडला आणि गुपचूप बाजारात गेला. उत्तम छाप उठलेली नाणी ‘दुर्मिळ’ म्हणून एकेक करून लिलावात निघतील. छाप नसलेली दुसऱ्या विक्रेत्याकडे जातील. झिजलेली आटवली जातील. प्रत्येक नाणे खरे असेल, प्रत्येकाचे छायाचित्र उत्कृष्ट असेल, आणि तरीही त्या संचयाची साक्ष कायमची नष्ट झालेली असेल.

२. बनावटीची जुनी परंपरा

बनावट नाण्यांचा दोष केवळ आजच्या काळाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. सोळाव्या शतकात पादुआ येथील जोव्हान्नी दा काव्हिनो (१५००–१५७०) याने रोमन नाण्यांच्या इतक्या सुबक प्रतिकृती केल्या की, ‘पादुआची नाणी’ हा एक स्वतंत्र वर्गच होऊन बसला. त्याचा हेतू फसविण्याचा होता की प्राचीनांची बरोबरी करण्याचा, हा वादाचा विषय आहे. जर्मनीतील कार्ल व्हिल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) याच्या बाबतीत मात्र असा वाद नाही. त्याने ग्रीक, रोमन व मध्ययुगीन नाण्यांचे शेकडो ठसे स्वहस्ते कोरले. नव्या नाण्यांना जुनेपणा यावा म्हणून तो ती लोखंडाच्या किसात घालून घोडागाडीला बांधलेल्या पेटीतून फिरवून आणीत असे. त्याचे ठसे पुढे बर्लिनच्या संग्रहालयात गेले, आणि ब्रिटिश म्युझियमचे जॉर्ज हिल यांनी १९२४–२५ मध्ये त्याच्या कृतींवर ग्रंथ लिहिला.

या दोन उदाहरणांत एक समाधानाची बाब आहे. कारागीर एक होता, त्याचे ठसे मोजके होते, आणि कालांतराने का होईना, त्यांची यादी करता आली. आजची बनावट अशी एका हाताची राहिलेली नाही. खऱ्या नाण्यावरून यांत्रिक साधनांनी ठसा उतरवून घेता येतो, आणि एका बनावट ठशाची नाणी वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून निरनिराळ्या देशांत एकाच महिन्यात विकता येतात.

३. छायाचित्र जे दाखवीत नाही

लिलावातील छायाचित्र नाण्याच्या दोन बाजू दाखविते. नाण्याची तिसरी बाजू म्हणजे त्याची कड, आणि ती बहुधा दिसत नाही. साच्यात ओतलेल्या नाण्याची शिवण कडेवरच असते. ओतीव नाण्याच्या पृष्ठावर बुडबुड्यांचे सूक्ष्म खड्डे राहतात आणि अक्षरांच्या कडा मऊ होतात. चित्र थोडे धूसर असले की दोन्ही झाकून जातात. वजन बहुधा दिलेले नसते, आणि दिलेले असले तरी ते पडताळणारा ग्राहक विरळा. ब्रिटिश अमदानीतील चांदीच्या रुपयाचे प्रमाण वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम होते. एवढी एक संख्या ध्यानात ठेवली, तरी कित्येक फसवणुकी पहिल्याच पायरीवर उघड होतील.

तथापि वजन नेहमीच तारीत नाही. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया दुर्मिळ आहे, आणि त्याच्या आदल्या वर्षाचा सहज मिळतो. १९३८ मधील शेवटचा आकडा कोरून नऊ केला की, धातू खरा, वजन खरे, टांकसाळ खरी, आणि केवळ साल खोटे, असे नाणे तयार होते. याहून निराळा प्रकार पुनर्मुद्रणाचा. मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींनी संग्राहकांसाठी जुन्या नाण्यांची पुनर्मुद्रणे काढली होती. ती बनावट नव्हेत, पण समकालीनही नव्हेत. लिलावाच्या एका ओळीच्या वर्णनात हा भेद क्वचितच सांगितला जातो.

काही नाण्यांच्या बाबतीत भिंगाची गरजच पडत नाही. इतिहासाचे सामान्य ज्ञान पुरते. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ हे साल आणि रामपंचायतन किंवा हनुमान यांची आकृती असलेली तांब्याची ‘एक आणा’ नाणी आंतरजालावर सर्रास विकली जातात. त्यांना दैवी शक्ती आहे, ती तांदळाचे दाणे खेचतात, अशा कथा रचून लोकांना मोठमोठ्या रकमांना ठकविण्यात आले आहे. परंतु कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. त्या काळात निरनिराळ्या इलाख्यांची नाणी निरनिराळी होती. मुंबई इलाख्याच्या तांब्याच्या नाण्यांवर कंपनीचे चिन्ह आणि तराजू असे. कंपनीच्या सर्व मुलखासाठी एकरूप नाणी १८३५ च्या कायद्याने आली. एक आण्याचे सर्वसामान्य नाणे तर विसाव्या शतकात निघाले, आणि तेही तांबे व निकेल यांच्या मिश्रणाचे. पेशवाईच्या अस्ताचे साल नाण्यावर घालणाऱ्याला ग्राहकाच्या भावनेची माहिती होती, नाणेपद्धतीच्या इतिहासाची नव्हती.

भावनेचा हा भाग शिवकालीन नाण्यांच्या बाबतीत विशेष जाणवतो. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसरीस ‘छत्रपति’ असा लेख असलेला सोन्याचा होन अत्यंत दुर्मिळ आहे. तांब्याची शिवराई मात्र पुढे दीर्घकाळ पाडली जात राहिली, आणि तिचे शेकडो प्रकार उपलब्ध आहेत. लिलावात याचा दुहेरी गैरफायदा घेतला जातो. होनाच्या नावाखाली आधुनिक प्रतिकृती खपविल्या जातात, आणि शे-दीडशे वर्षांनंतर पाडलेली शिवराई खुद्द राज्याभिषेकाच्या काळची म्हणून विकली जाते. दुसऱ्या प्रकारात नाणे खरे असते, काळ मात्र खोटा असतो.

लिलावाच्या रीतीचेही काही दोष आहेत. विक्रेत्याचीच माणसे बोली चढवीत नाहीत ना, हे दूरच्या ग्राहकाला कळत नाही. मुदत संपत आली की विचारापेक्षा ईर्षा बलवत्तर होते. ‘आजोबांच्या पेटीत सापडले’ असे म्हणणारा विक्रेता आपल्या अज्ञानाची ढाल करून सर्व जबाबदारी झटकतो. यापुढची पायरी निखालस ठकबाजीची. जुनी नाणी विकत घेण्याचे आमिष दाखवून शुल्क व कर या नावाखाली आगाऊ रक्कम उकळणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा ४ ऑगस्ट २०२१ रोजी खुद्द रिझर्व्ह बँकेला द्यावा लागला, कारण त्या कामी तिच्याच नावाचा दुरुपयोग होत होता.

४. खरे नाणे, खोटी कुळकथा

एवढ्यावरून कोणी म्हणेल की, प्रतिष्ठित लिलावगृहातून, तज्ज्ञांनी पारखलेले नाणे घेतले म्हणजे धोका टळला. तसे नाही. ज्यूलियस सीझरच्या वधाची स्मृती म्हणून ब्रूटसने इ. स. पूर्व ४२ च्या सुमारास पाडलेल्या सोन्याच्या नाण्याची एक प्रत ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या एका लिलावात सुमारे ३२ लाख पौंडांना विकली गेली. नाणे अस्सल मानले गेले होते. परंतु ते पूर्वी कोणाच्या संग्रहात होते याविषयी दिलेली माहिती बनावट असल्याचे पुढे निष्पन्न झाले, आणि मार्च २०२३ मध्ये ते नाणे ग्रीसला परत करण्यात आले. ज्या नाण्याच्या धातूविषयी शंका नव्हती, त्याच्या कुळकथेवर मात्र विश्वास ठेवण्याजोगे काही उरले नाही.

भारतीय अभ्यासकाने या संदर्भात दोन कायदे ध्यानात ठेवावयास हवेत. १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचा जमिनीत दडलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे पुरावस्तूत मोडते. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करण्यास परवाना लागतो, आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाही. तेव्हा ‘नुकतेच शेतात सापडलेले’ असे मोठ्या आकर्षक शब्दांत केलेले वर्णन हा वस्तुतः कायदेभंगाचा कबुलीजबाब असू शकतो. असे नाणे घेणारा अभ्यासक एका संचयाच्या विध्वंसाला द्रव्यसाहाय्य करतो, हे त्याने स्वतःशी तरी मान्य केले पाहिजे.

५. अभ्यासकाचे कर्तव्य

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. अलीकडे प्रबंधांतून लिलावांच्या सूचींतील छायाचित्रांचा आधार वाढत्या प्रमाणावर घेतला जातो. तो सर्वथा त्याज्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. या सूचींमुळे हजारो नाण्यांची तुलना एका जागी बसून करता येते, आणि ही सोय भगवानलालांच्या पिढीला स्वप्नातही नव्हती. बनावट ओळखण्यासही तिचा उपयोग होतो. हाताने ठोकून पाडलेल्या दोन नाण्यांचा ठसा एकच असू शकतो. परंतु दोन नाण्यांवरचा अपघाती ओरखडा, झीज आणि छाप सरकल्याचे प्रमाण ही तंतोतंत एकच असू शकत नाहीत. तशी ती आढळली, तर त्यांतील निदान एक नाणे दुसऱ्यावरून तयार केलेले आहे, असे निःशंक समजावे.

खरा अनर्थ होतो तो चक्राकार प्रामाण्यामुळे. समजा, एखाद्या अज्ञात राजाचे नाव असलेले नाणे लिलावात आले. कोणी त्यावर टिपण लिहिले. त्या टिपणाच्या आधारे ते वंशावळीत गेले. पुढच्या लिलावात तसेच दुसरे नाणे निघाले, तेव्हा विक्रेत्याने पुरावा म्हणून तेच टिपण दाखविले. आता नाणे टिपणाला आधार देते आणि टिपण नाण्याला; दोघांच्याही खाली जमीन नाही. ग्राहकाचे बुडालेले पैसे एका घरापुरते असतात, पण वंशावळीत शिरलेला खोटा राजा पुढच्या पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांत राहतो.

म्हणून काही मर्यादा आपण आपल्यापुरत्या तरी पाळाव्यात. उपलब्धिस्थान ज्ञात नसलेल्या एकाच नाण्यावरून नवा राजा, नवे साल किंवा राज्याची नवी सीमा सिद्ध करू नये. लिलावातील नाण्याचा उल्लेख करताना ते केवळ चित्रावरून पाहिले की प्रत्यक्ष हाताळले, हे स्पष्ट लिहावे. वजन, व्यास व धातू यांची नोंद नसल्यास ती उणीव सांगावी. शक्य असेल तेथे संग्रहालयातील, अथवा अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधनसंस्थेसारख्या ठिकाणच्या, नोंदलेल्या नाण्यांशी तुलना करावी. आणि खेड्यापाड्यांत नाणी सापडल्याची वार्ता कानी आली, तर विकत घेण्याआधी ती नोंदली जातील यासाठी झटावे.

न्यायालयात अनोळखी साक्षीदार उभा राहिला, तर त्याचे नाव, गाव आणि घटनास्थळी येण्याचे कारण प्रथम विचारले जाते; त्यानंतरच त्याचे म्हणणे ऐकून घेतात. लिलावातून आलेले नाणे हा असाच अनोळखी साक्षीदार होय. तो खोटेच बोलतो असे नाही. परंतु तो कोठून आला हे सांगता येत नाही तोवर, त्याच्या एकट्याच्या शब्दावर इतिहासाचा निकाल देता येणार नाही.