कपाटाची किल्ली कपाटात

घर आवरायला घेतलेला माणूस आणि घर मोडायला निघालेला माणूस यांच्यात पहिले दोन तास काही फरक दिसत नाही. आमच्या घरी हे २००० सालच्या दिवाळीआधी सिद्ध झालं. सगळी मंडळी माळा, डबे आणि फळ्या यांच्यामागे लागली होती आणि मी सगळ्यांच्या मध्ये येत होतो. शेवटी सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही असं करा, तो तुमचा कॉम्प्युटर तेवढा स्वच्छ करा."

बाहेरून पुसायला पाच मिनिटं लागली. मग म्हटलं, आतूनही स्वच्छ करू. तो विंडोज ९८ चा जमाना; यंत्राच्या पोटात जागा कमी. ओळखीची नसलेली फाईल दिसली की काढून टाकायची, असा सपाटा लावला. त्यात 'कमांड डॉट कॉम' नावाची एक फाईल दिसली. कमांड म्हणजे हुकूम. या घरात हुकूम सोडणारे आधीच गरजेपेक्षा जास्त आहेत, तेव्हा तिला नारळ दिला. केराची टोपली रिकामी केली, यंत्र बंद केलं, वर क्रोशाचा रुमाल घातला आणि कृतार्थ होऊन झोपलो.

सकाळी पडदा काळा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच तक्रार : अमुक फाईल सापडत नाही, हुकूम वाचणाऱ्याचं नाव टंकावं. मी माझं नाव टंकलं. त्याला ते पटलं नाही. घरातही कधी कोणाला पटलेलं नाही.

इथवर गंमत होती. पण त्याच यंत्रात अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आठवणी होत्या. चार महिने रोज संध्याकाळी ते सांगत आणि मी टंकत असे. वय चौऱ्याऐंशी. त्यांना पुन्हा सांगा म्हटलं असतं तर त्यांनी आनंदाने सांगितलं असतं. पण दुसऱ्या वेळी सगळं वेगळंच सांगितलं असतं! दुकानदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे पाटी कोरी. आजार गेला, रोगीही गेला.

संध्याकाळी इंजिनिअरिंगला असलेला भाचा आला. त्याने एक फ्लॉपी आत सरकवली, अर्धी ओळ टंकली, आणि गेलेली फाईल जागेवर आली. अण्णा सुखरूप. मी कपाळावरचा घाम पुसला, तर भाचा म्हणाला, "मामा, तू एकच फाईल उडवलीस. मँचेस्टरला अख्खं स्वयंपाकघर उडालं होतं." आणि चहा येईपर्यंत त्याने ती कथा सांगितली. पुढे मी ती मुळातून वाचली, आणि अजून मला ती एखाद्या पानिपतातून सहीसलामत परतल्यासारखी वाटते.

मँचेस्टर म्हटलं की आमच्या पिढीला कापड आठवतं. पण कॉम्प्युटरवाल्यांचं ते पंढरपूर आहे. स्वतःच्याच स्मृतीत साठवलेला प्रोग्रॅम चालवणारं जगातलं पहिलं इलेक्ट्रॉनिक यंत्र तिथल्याच विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी चाललं. त्याचं लाडकं नाव 'बेबी'. या बाळाची स्मृती होती अवघी १२८ बाइट. म्हणजे इंग्रजी १२८ अक्षरं. एवढा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८६ च्या सुमाराला त्याच विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात व्हॅक्स नावाचं यंत्र होतं आणि त्यावर युनिक्स चाले. एका बुधवारी तिथल्या एकाने आज्ञा दिली : इथलं आणि याच्या खालचं सगळं काढून टाक, मला विचारू नकोस. आज्ञा ठीक होती. फक्त 'इथलं' म्हणजे कुठलं, हे त्याने पाहिलं नव्हतं. तो झाडाच्या फांदीवर नव्हता, बुंध्याशी उभा होता. आणि अधिकार सर्वेसर्वाचा होता. युनिक्स 'नक्की ना?' असं विचारत नाही. त्याने वर्णमालेप्रमाणे कामाला सुरुवात केली. 'बिन' गेलं, 'डेव्ह' गेलं, 'एटसी' गेलं, 'लिब' गेलं. 'न्यूज'च्या आत हात घातलेला असताना आज्ञा थांबवण्यात आली. 'टेंप', 'युझर' वगैरे पुढची मंडळी वाचली. वर्णमालेत मागे असण्याचा हा एक फायदा.

'बिन' म्हणजे केराची टोपली नव्हे. युनिक्समध्ये रोजच्या वापराची हत्यारं तिथे राहतात. 'एटसी' म्हणजे इत्यादी; पण कोणाला आत घ्यायचं, शेजारची यंत्रं कुठे राहतात, ही सगळी दप्तरं त्या इत्यादीत असतात. आणि 'डेव्ह'मध्ये टेप, डिस्क यांच्याकडे जाण्याचे दरवाजे.

हे सगळं सांगणाऱ्या मारिओ वोल्च्को यांनी त्या मंडळींची अवस्था लिहून ठेवली आहे, ती वाचताना मला आमचं लोखंडी कपाट आठवतं, ज्याची किल्ली नेहमी कपाटातच राहते. टेपवरून फाईली परत घ्याव्यात, तर टेपचा दरवाजा 'डेव्ह'मध्ये, तो गेला. नवा दरवाजा करावा, तर ते हत्यार 'एटसी'त, ते गेलं. शेजारच्या व्हॅक्सकडून उसनं आणावं, तर शेजाऱ्याचा पत्ताही 'एटसी'त. नवं हत्यार घडवावं, तर घडवण्याची हत्यारं 'बिन'मध्ये. मुळापासून नव्याने उभारणी करावी, तर ती पूर्वी कोणी केलेली नव्हती, आणि त्यात डिस्क कोरी होण्याची धास्ती. लोकांच्या फाईलींची नक्कल दर गुरुवारी घेत. आणि आज बुधवार! काही विद्यार्थी पीएच. डी.च्या प्रबंधाच्या शेवटच्या पानांवर आले होते. त्यांच्या आठवड्याभराच्या कष्टांचा प्रश्न होता.

अशा वेळी मी काय केलं असतं? यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं असतं. वर रुमालही घातला असता. आणि तिथेच सगळं संपलं असतं. या मंडळींनी काही बंद केलं नाही. काय काय गेलं ते पाहून झाल्यावर काय काय चालू आहे ते पाहिलं. चालू असलेला प्रोग्रॅम स्मृतीत असतो. त्याच्या पायाखालची चटई काढली तरी तो काही काळ उभा राहतो. वोल्च्कोंच्या खिडकीत ईमॅक्स हा लिहिण्याचा प्रोग्रॅम उघडा होता. आणि ज्या टर्मिनलवरून घात झाला, तिथे सर्वेसर्वाचा अधिकार अजून शाबूत होता. ते बंद केलं असतं, तर तो अधिकार परत मिळवण्याची आज्ञाही 'बिन'मध्येच होती!

प्रश्न आता एवढाच राहिला : 'एटसी' नावाची एक रिकामी खोली बांधायची. एक जाणकार सहकारी येऊन मिळाला. त्याला व्हॅक्सची मूळ यंत्रभाषा येत होती. दुसऱ्या व्हॅक्सवर तासाभरात डझनभर ओळींचा प्रोग्रॅम तयार झाला, एकच काम करणारा. लांबी ७६ बाइट. तो आकड्यांत लिहून काढला आणि ईमॅक्समध्ये हाताने टंकला. एक आकडा चुकला तरी संपलं, म्हणून बेरीज ताडून पाहिली. मग लक्षात आलं की फाईलला 'तू चालू शकतेस' अशी परवानगी लागते, आणि परवानगी देणारं हत्यारही 'बिन'मध्ये. तेव्हा आधीच परवानगी असलेल्या एका जुन्या प्रोग्रॅमवरच हा नवा लिहिला. आमच्याकडे जुन्या रेशनकार्डावर नवं नाव चढवतात, तसंच.

प्रोग्रॅम चालला. 'एटसी' उभी राहिली. तिच्यात गरजेपुरती दप्तरं लिहिली, शेजारच्या यंत्राने ओळख दिली, 'बिन' तारेवरून परत आलं, टेप वाचण्याचं हत्यार आलं आणि टेपवरून 'डेव्ह'ही आलं. गाडी रुळावर.

आता तो १२८ चा आकडा आठवा. अख्ख्या यंत्राला जीवदान देणारे ते ७६ बाइट १९४८ च्या बेबीच्या इवल्याशा डोक्यात मावले असते, आणि वर ५२ उरले असते. ज्या गावात बाळ जन्मलं, त्याच गावात सुईणही जागी होती म्हणायची.

ही कथा मी अण्णांना सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ज्याने पुसलं, त्याला बोलले का कोणी?" मी म्हटलं, "तसं काही लिहिलेलं नाही." अण्णा म्हणाले, "मग शहाणी माणसं होती." आणि माझ्याकडे पाहून हसले. त्या दिवसापर्यंत मी त्यांना काही कळू दिलेलं नव्हतं, असा माझा समज होता.

दुसऱ्याच दिवशी त्या आठवणींच्या दोन छापील प्रती काढल्या. एक बहिणीकडे ठेवायची, एक आमच्याकडे; किल्ली दोन कपाटांत असावी. अण्णांना म्हटलं, एकदा नजर घाला. त्यांनी दोन्ही प्रती तपासून दिल्या. दोन्हींत दुरुस्त्या होत्या, आणि एकीतली दुसरीत नव्हती.