लव आत, वारा बाहेर

हा शर्ट घालायचा तर आधी अंगातलं बनियन काढावं लागतं. शेफील्डच्या ‘बफेलो’ या छोट्या कंपनीचा आग्रहच तसा: उघड्या अंगावर घाला, आत सुती काही नको. डोक्यावरून ओढून घालायचा, गळ्याशी अर्धीच चेन, दोन्ही कुशींना मात्र लांब चेन. आत दाट लव, बाहेर पातळ, सळसळणारं नायलॉन. डोंगरातल्या कपड्यांचं प्रत्येक लेबल ‘वॉटरप्रूफ’ म्हणून ओरडत असताना हा गडी पाऊस अडवण्याचा दावाच करत नाही.

त्याचं कूळ शोधत गेलं की आपण थेट आर्क्टिकमध्ये पोचतो. इन्युइट बायका कॅरिबूच्या कातड्याचा आतला अंगरखा शिवत, तो केस अंगाकडे करून. ध्रुवप्रवासी रोआल्ड आमुंडसेन 1903 ते 1905 या काळात कॅनडाच्या उत्तरेला मुक्काम ठोकून राहिला, तेव्हा नेटसिलिक इन्युइट लोकांकडून तो हे शिकला. कपडा सैल हवा, कारण थंडीइतकाच घामही वैरी. घाम कपड्यात मुरला की गोठतो.

पुढचा पूर्वज नॉर्वेतला. 1961 मध्ये हेली हॅन्सन कंपनीनं कृत्रिम धाग्याची लव, म्हणजे फायबर पाइल, बाजारात आणली. मच्छीमार आणि लाकूडतोडे ती घालू लागले. धागा पाणी पीत नाही, त्यामुळे भिजलं, झटकलं की झालं. खोट एकच: वारा सुटला की चाळणी. प्राण्याच्या केसांमागे निदान कातडं असतं, इथे ते नव्हतंच.

ते कातडं लँकेशायरमध्ये विणलं गेलं. पॅडिहॅम गावच्या ‘पर्सिव्हरन्स’ मिलमध्ये. नावाचा अर्थच चिकाटी, आणि गिरणगाव पाहिलेल्यांना कळेल की त्या काळात ब्रिटिश कापडगिरण्यांना चिकाटीवाचून गत्यंतर नव्हतं. तिथलं बारीक धाग्यांचं, घट्ट विणीचं ‘पर्टेक्स’ ‘बफेलो’ काढणाऱ्या हॅमिश हॅमिल्टन या शेफील्डच्या माणसानं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लवेवर चढवलं. सुरुवात स्लीपिंग बॅगांपासून झाली, शर्ट नंतर आले. आज पर्टेक्सचं नाव जपानच्या मित्सुईकडे आहे.

दोन कापडं एकत्र आली की काय होतं पाहा. लव घाम शोषत नाही, अंगाची ऊब त्याला बाहेर ढकलते. तो पर्टेक्सला टेकला की बारीक धाग्यांमधून थेंब पातळ पसरतो आणि उडून जातो. पावसात शर्ट भिजतो, पण हालचाल चालू असली की अंगावरच वाळत राहतो. नेमक्या त्याच सुमारास, 1976 पासून, गोर-टेक्स बाजारात उतरत होतं. त्याचा सगळा जोर पाण्याला दारातच अडवण्यावर. बफेलोनं पाण्याला आत येऊ दिलं, फक्त मुक्काम करू दिला नाही.

हे शहाणपण स्कॉटलंडच्या हिवाळ्यातलं आहे. तिथे पारा शून्याच्या आसपास रेंगाळतो, वरून बर्फमिश्रित पाऊस. पिसांचं जॅकेट अशा ओलीत गोळा होऊन बसतं. आपल्या धनगराच्या घोंगड्याशी या शर्टाचं रक्ताचं नातं नाही, पण खोळ करून पावसात मेंढरांमागे उभा राहिलेला माणूस हे गणित ओळखेल: वरून भिजलेलं, आतून उबदार.

बचाव पथकांनी आणि सैनिकांनी हा शर्ट उचलला. रूप मात्र पोत्याचं, आणि पाठपिशवीत कोंबायचा म्हटलं तर अर्धी जागा त्यालाच. निकवॅक्स कंपनीच्या निक ब्राउननं 1992 मध्ये ‘पारामो’ हा कपड्यांचा ब्रँड काढून प्राण्याच्या केसाळ कातडीची हीच कल्पना वेगळ्या अस्तरानं पुढे नेली. ते कपडे कोलंबियात, बोगोटाच्या मिकेलिना फाउंडेशनमध्ये बायका शिवतात.

जुन्या शर्टाची खरी पंचाईत डोंगर उतरल्यावर होते. पबमध्ये शेकोटी पेटलेली, सगळे जॅकेटं काढून बसलेले. याच्या आत तर काहीच नाही. मग कुशीच्या दोन्ही चेन काखेपर्यंत उघडायच्या आणि कोपरं जराशी बाहेर काढून बिअर प्यायची.