आमवात आणि रक्ताचा कर्करोग

प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने होणारा दीर्घकालीन आजार म्हणजे आमवात. गावाकडे त्याला नुसताच ‘वात’ म्हणतात आणि वयोमानाने झिजलेल्या गुडघ्यांनाही तेच नाव देतात. घोटाळा इथूनच सुरू होतो. आमवातात दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही. या रुग्णांत लिंफोमा, म्हणजे लसिका पेशींपासून होणारा रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार, होण्याची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट असते. मुळात हा कर्करोगच विरळ, त्यामुळे दुप्पट होऊनही आकडा लहानच राहतो.

धोका येतो तो प्रामुख्याने वर्षानुवर्षे धुमसणाऱ्या सुजेतून. सतत चेतवलेल्या बी-लसिका पेशी भराभर विभागतात आणि त्यात एखादा जनुकीय बिघाड टिकून राहतो. स्वीडनमधील मोठ्या अभ्यासात (२००६) हा धोका प्रामुख्याने दीर्घकाळ तीव्र आजार असलेल्यांत एकवटलेला आढळला.

लोकांचा संशय मात्र औषधावर असतो. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे मुख्य औषध जास्त मात्रेत रक्ताच्या कर्करोगावरही देतात. औषधाच्या दुकानात कोणी ‘ही तर कॅन्सरची गोळी’ म्हणाले, की घरी पाकीट फडताळात पडते आणि सूज मोकाट सुटते. क्वचित या गोळीमुळे लसिका पेशींच्या गाठी उद्भवतात, हे खरे. त्यांतील काही ती थांबवल्यावर विरतातही. याहून मोठा धोका आठवड्यातून एकदाच घ्यायची ही गोळी रोज घेण्यात आहे: त्याने अस्थिमज्जा दबते आणि जिवावर बेतते.

आमवात आणि लिंफोमा यांचा हा दुवा आपल्याकडे मोजता येईल का? धाराशिव जिल्ह्याचा कर्करोगाच्या मोजणीशी जुना संबंध आहे. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये शेजारच्या बार्शीत सुरू झाली आणि बार्शीसोबत धाराशिवमधले भूम व परांडा हे तालुकेही तिच्यात आले. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरून रुग्ण शोधत. पुढे १९९९ पासून धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांवरची चाचणी झाली. जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत ‘उस्मानाबाद’ हे जिल्ह्याचे तेव्हाचे नाव पोहोचले ते तिच्यामुळे. सांधेदुखीची मोजणी वेगळीच, पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला १९९६ मध्ये झाली. तिथे प्रौढांत आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले. मात्र कर्करोगाच्या नोंदवहीत रुग्णाच्या सांध्यांचा रकाना नसतो. स्वीडनसारख्या देशांत दोन्ही नोंदी एकाच ओळख क्रमांकाने जोडता येतात, म्हणूनच आमवात आणि लिंफोमा यांचा दुवा तिकडे सापडला.

आमवाताच्या रुग्णाला मानेत, काखेत वा जांघेत न दुखणारी गाठ, रात्रीचा दरदरून घाम, कारण नसताना उतरणारे वजन किंवा रेंगाळणारा ताप असेल तर डॉक्टरांकडे जाताना आमवाताची जुनी फाइल आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.