गौतमसाहेब

सुरतजवळ इच्छापोरला मामांकडे गेलं की हजिऱ्याला जाणाऱ्या ट्रकांवर आवाज चढवून बोलावं लागतं. मामांना ट्रक ऐकूच येत नाहीत. हवाई दलात त्यांनी कॅनबेरा बॉम्बरची देखभाल केली. काडतूस फोडून तिचं इंजिन सुरू व्हायचं: धडाका, काळा धूर, जळक्या बारुदीचा वास. कान तिथेच गेले, असं मामी म्हणतात.

मामांच्या गप्पांत ‘गौतमसाहेब’ हमखास येतात. विंग कमांडर पद्मनाभ गौतम. १९६५ मध्ये ते जेट बॉम्बर कन्व्हर्जन युनिटमध्ये होते. ही वैमानिकांना कॅनबेरा शिकवणारी शाळा. पाकिस्तानशी लढाई लागली तसे मास्तरच बॉम्ब घेऊन निघाले. गौतमांना महावीर चक्र मिळालं. १९७१ मध्ये १६ स्क्वाड्रनचे प्रमुख असताना त्यांनी रात्री मियांवालीच्या हवाई तळावर हल्ला केला, पुन्हा महावीर चक्र.

पण मामा पदकांवर रेंगाळत नाहीत, थेट सीटवर येतात. या कॅनबेरात माणसं दोनच. पायलट काचेच्या घुमटाखाली, नॅव्हिगेटर पुढे नाकात. इजेक्शन सीट फक्त पायलटाला. नॅव्हिगेटरनं पॅराशूट घेऊन दरवाजा गाठायचा आणि उडी टाकायची. विमान खालून उडत असेल तर एवढा वेळ मिळतो कुठे?

“मग सांग, पायलटानं हँडल ओढायचं कधी?” मामा विचारतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत.

मामी आतूनच म्हणतात, “त्या दुसऱ्याच्याही घरी पोरं असायचीच की.”

२५ नोव्हेंबर १९७२ रोजी पुण्याजवळ मिग-२१ च्या अपघातात गौतम गेले. वय ३९. मिगमध्ये सीट होती. वस्ती वाचवायला ते विमान वळवत राहिले, असं मामा सांगतात आणि गप्प होतात. एरवी त्यांना गप्प करणं अवघड.

१९६५ च्या हवाई झुंजी पंजाबात लोकांनी गच्चीवर उभं राहून पाहिल्या. बॉम्बरवाल्यांचं काम बहुतेक रात्रीचं, तेही शत्रूच्या मुलखात. टाळ्या वाजवायला तिथे कोण असणार? त्यांची नावं घरोघरी पोचली नाहीत ती यामुळेच, असं मला वाटतं.

दोनदा महावीर चक्र मिळालेले देशात सहाच जण. त्यातले जनरल अरुणकुमार वैद्य आपल्याला ठाऊक असतात. हवाई दलाचे त्यात दोघे, गौतम आणि जगमोहन नाथ. दोघेही कॅनबेराचेच पायलट.