कुलाब्याच्या सुईची कुळकथा

कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळया, पत्रे आणि गुंडाळ्यांचे ढीग रचलेले असतात. ट्रेलरांची ये-जा दिवसरात्र चालू असते. तिथून जवळच, नवीन पनवेलमध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला लोखंडाचा एवढा मोठा शेजार! पण मोजणीची सुई इथे नाहीच. ती अलिबागला आहे. ती तिथे कशी गेली आणि त्याआधी कुठे होती, हे आम्हा नवी मुंबईकरांना फारसे ठाऊक नसते. मला मात्र ही गोष्ट आपल्या भागातल्या सगळ्यात अभिमानाच्या गोष्टींपैकी एक वाटते.

मूळ घर कुलाबा. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये तिथे वेधशाळा बांधली, ती बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ कळावी आणि आकाशाचे वेध घेता यावेत म्हणून. चुंबकीय मोजणी १८४१ मध्ये सुरू झाली, एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली. पुढे ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला.

‘सुई’ म्हणतो खरे, पण ती होकायंत्रातल्या सुईसारखी नव्हे. चुंबकाची पट्टी बारीक धाग्यांनी टांगलेली. तिला एक छोटा आरसा. समोर काही अंतरावर दुर्बीण आणि मोजपट्टी. पट्टी केसभर हलली की आरशात दिसणारा मोजपट्टीवरचा आकडा सरकायचा. माणसाने दुर्बिणीला डोळा लावायचा, आकडा वाचायचा, वहीत उतरवायचा. तासातासाला, रात्रीसुद्धा, पावसाळ्यातसुद्धा.

हे काम करणाऱ्यांत एक पोरगेला मुलगा होता, केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे. जन्म १८२५, अलिबागजवळच्या नागावचा. लहानपणीच पोरके झालेल्या केरूनानांना चुलते बापू छत्रे यांनी मुंबईत सांभाळले. पंधरा-सोळाव्या वर्षी ते कुलाब्यात लागले आणि दहाएक वर्षे तिथे राहिले. पुढे पुण्यात ते गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले. डेक्कन कॉलेजात टिळक त्यांचे विद्यार्थी. पण कुलाब्यातली सवय त्यांना सुटली नाही. सूर्यावरचे डाग आणि इथले हवामान यांचा काही मेळ बसतो का, हे ते वर्षानुवर्षे पाहत राहिले. आज ज्या प्रश्नावर उपग्रह लावले जातात, तो प्रश्न एका मराठी माणसाने तेव्हा हाती घेतला होता.

प्रश्न हवेतला नव्हता. डाग ठरावीक फेऱ्याने वाढतात-घटतात, हे श्वाबे यांनी जर्मनीत दाखवले होते; हा फेरा सुमारे अकरा वर्षांचा. चुंबकाची चळवळही त्याच तालावर चालते, असे सबाइन यांनी १८५२ मध्ये सांगितले. मग पाऊस का नाही? दुष्काळ का नाही? १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली. १८७७ मध्ये हंटर यांनी मद्रासच्या पावसाचे आकडे मांडून दुष्काळाचे फेरे डागांशी जोडले. दुष्काळ आधी कळला तर धान्य आधी साठवता येईल, ही त्यामागची आशा खरी होती. पण फेरा टिकला नाही. पुढे हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरचे आकडे तपासले. डाग आणि पाऊस यांच्यात भरवशाचे नाते त्यांना मिळाले नाही. मान्सूनचा धागा त्यांना सापडला तो प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबात.

आता कुलाब्याच्या वहीतले सर्वांत मोलाचे पान. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरच्या डागांजवळ डोळे दिपवणारा प्रकाश दिसला. साडेसतरा तासांच्या आसपास गेले आणि चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले. युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. अनेक वेधशाळांतले आकडे मोजपट्टीबाहेर गेले आणि नोंद तुटली. कुलाब्यात २ सप्टेंबरची सकाळ होती. तासाची वाट न पाहता काही काही मिनिटांनी आकडे उतरवले गेले. आडव्या दिशेचे चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले आणि थोड्याच वेळात बरेचसे सावरलेही. इथे रोजचा चढउतार असतो काही डझन नॅनोटेस्लांचा. २००३ मध्ये संशोधक त्सुरुतानी यांच्यासोबत आपल्या भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि सहकारी यांनी ती जुनी वही उघडली, आणि त्या महावादळाचे माप जगापुढे आले. मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानलेचे आकाश लाल झाले, त्याची चर्चा आपण सगळ्यांनी केली. १८५९ चे वादळ त्याहून कितीतरी मोठे होते.

कुलाब्यात १८७२ पासून आरशावरून परतलेल्या प्रकाशाची रेघ कागदावर आपोआप उमटू लागली. १८९६ मध्ये नानाभाई मूस संचालक झाले, त्या पदावरचे पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी आसामच्या महाभूकंपाने कुलाब्याच्या रेघाही थरथरल्या. कारण साधे होते: जमीन हलली म्हणून टांगलेली पट्टी हलली. मूस यांनी ते हलणे आणि चुंबकत्व यांची गल्लत होऊ दिली नाही. १८९८ मध्ये कुलाब्यात मिल्न यांचे भूकंपमापक यंत्र बसले.

मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. रुळांतून जाणारी वीज सुईला सुखाने जगू देणार नव्हती. मूस यांनी अलिबाग निवडले. लोखंड पूर्ण वर्ज्य करून इमारत बांधली. १९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे मोजणी केली, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा नीट जुळावा. या दोन वर्षांच्या दुहेरी मेहनतीमुळेच साखळी तुटली नाही. आणि सुई गेली केरूनानांच्याच तालुक्यात.

एवढ्या लांब साखळीकडे पाहून सूर्य आणि भूकंपाबद्दल काय म्हणता येते? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी संदेश येतो: सूर्यावर स्फोट झाला, चार दिवसांत धरणीकंप. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्के बसू लागले तेव्हा तर असे संदेश रोजच यायचे. जगात सहा रिश्टरच्या वरचे भूकंप वर्षाला शंभराहून जास्त होतात. त्यामुळे कुठल्याही सौरवादळाशेजारी एखादा भूकंप ठेवून देता येतोच. २०१३ मध्ये लव्ह आणि थॉमस या अमेरिकी संशोधकांनी डाग, सौरवारा आणि चुंबकीय वादळे भूकंपांच्या जुन्या यादीशी ताडून पाहिली. दखल घ्यावी असा संबंध निघाला नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाशी तिथल्या जलाशयाचा संबंध लावला जातो, सूर्याचा नव्हे.

हवामानाचे उत्तर वेगळे आहे. सूर्याचा परिणाम आहे, पण लहान. अकरा वर्षांच्या फेऱ्यात त्याची उष्णता जेमतेम ०.१ टक्क्याने बदलते. गेल्या चाळीस वर्षांत सूर्य काही तापत गेलेला नाही, पृथ्वी मात्र तापली. त्याचा दोष आपल्या धुराचा आहे, सूर्याचा नाही.

पुन्हा भूकंपाकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदांखाली. तेव्हा पुढचा सौरस्फोटाचा संदेश आला की तो पुढे ढकलू नका. त्याऐवजी आपल्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट शेवटचे कधी झाले, हे सोसायटीच्या सभेत विचारा.